चपात्यांच्या यंत्राचा डबा

दिनकर, तू खोटं बोललास.

हे वाक्य मी त्या दिवशी हॉलमध्ये उभं राहून म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पांढरा सदरा घालून, हातात माइक धरून मी भलतंच काहीतरी बोललो. तू किती मनमिळाऊ होतास वगैरे. मनमिळाऊ! इतक्या वर्षांत माझं एकही म्हणणं तू पहिल्या फटक्यात मान्य केल्याचं मला आठवत नाही. कपात दूध आधी की चहा आधी, एवढ्यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला बर्मिंगहॅमच्या मंडळातले आपले सगळे आले होते. एजवेअरहूनही दोन गाड्या भरून लोक आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेही मी सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हटलं. तूसुद्धा ते दर रविवारी म्हणायचास, डोळे मिटून, माझ्या शेजारी बसून. दोघांच्याही जिभा झडल्या नाहीत.

मग आठवणी सुरू झाल्या. एक जण म्हणाला, "दिनकरराव शेवटी शेवटी फार विसरायला लागले होते. शॉक बसला तेव्हा तर म्हणे ट्रान्सफॉर्मरचा डबा लावायचाच विसरले!" लोक हसले, प्रेमानेच हसले. दुसरा म्हणाला, "आमचा हा प्रोग्रॅमर माणूस, बँकेचे कॉम्प्युटर सांभाळले आयुष्यभर, आणि प्लग कुठे घालायचा ते विसरला." पुन्हा हसले. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसलो.

आणि मग तुझी प्रज्ञा उठली. तिचं मराठी तुला माहीतच आहे. म्हणाली, "बाबा was the sharpest man I knew. पण लास्ट यिअर त्यांचा मेमरी गेला. आणि आता मी पण... last week I put my car keys in the fridge. So माझं पण सुरू झालंय, बहुतेक." पुन्हा हशा. ती मात्र हसत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, दिनकर. ती घाबरलेली होती. तुझ्या आजाराला ती घाबरलेली होती. जो आजार तुला कधी झालाच नव्हता.

त्याच वेळी उठायला हवं होतं. मी बसून राहिलो, आणि वर तुला मनमिळाऊ म्हणालो.

म्हणून आता लिहितोय. रागाने लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मला राग आहेच, त्याचं मी बघेन. पण तुझाही आहे, आणि तू मेलास म्हणून तो कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

सगळं त्या चिप शॉपपासून सुरू झालं. तू आणि मी या देशात नवे असताना, आपल्या पहिल्या खोलीच्या कोपऱ्यावरचं दुकान. तिथे भिंतीला लागून व्हिडिओ गेमचं ते उभं कपाट होतं. शिफ्ट संपवून मी यायचो, बँकेतून तू यायचास, आणि चिप्स गार होईपर्यंत आपण तिथे विमानं पाडायचो. त्या दुकानात कोणी आपल्याला नाव विचारलं नाही की आडनाव विचारलं नाही. आपण कुठले, कोणाचे, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. गेम खेळता येतो की नाही एवढाच प्रश्न. हे तूच एकदा म्हणाला होतास, तोंडात गरम चिप घोळवत.

दुकानवाला म्हातारा झाला, दुकान बंद केलं, आणि ते कपाट तू गॅरेजमध्ये आणून ठेवलंस. आतलं गेमचं सर्किट मेलेलं होतं. मॉनिटर जिवंत होता. काचेची जाडजूड पिक्चर ट्यूब असलेला, दोघांना मिळून उचलावा लागेल असा.

"गेम कॉम्प्युटर चालवेल," तू म्हणालास. "चित्र मात्र ह्याच काचेवर."

"अरे, एक फ्लॅट स्क्रीन घे, आत बसव, संपलं."

"फ्लॅट स्क्रीनवर चित्र चिकटवलेलं असतं, यशा. इथे ते पेटतं."

"पेटतं! तुला काय कळतंय त्यातलं? तू आयुष्यभर आकडे टाइप केलेस."

"आणि तू काय केलंस? नर्सेसचे प्लग बदललेस."

मी हॉस्पिटलमधली यंत्रं सांभाळायचो. हृदयाचे ठोके दाखवणारी, औषध सोडणारी, सगळी. कोणत्याही पेशंटला किंवा नर्सला त्यांच्यापासून धक्का बसू नये हे माझं काम. बसला नाही कधी. मला त्याचा गर्व होता आणि तुला त्या गर्वाची टिंगल करायला आवडायचं.

कॉम्प्युटर आणि तो मॉनिटर यांचं जमायला तयार नव्हतं. जुना मॉनिटर सावकाश चालीचा. आजचा कॉम्प्युटर चित्राच्या ओळी त्याच्या दुप्पट वेगाने पाठवतो. मग चित्र फाटायचं, वर वर लोळत जायचं आणि मॉनिटर शिट्टी मारायचा, कुकरसारखी नव्हे, बारीक, दात शिवशिवतील अशी. जास्त वेळ तसंच ठेवलं तर जळून जाईल, हे मी तुला सांगितलं. तू प्रोग्रॅम लिहून कॉम्प्युटरची चाल कमी केलीस. ते मानलं मी. पण बटण दाबल्यापासून तुझा प्रोग्रॅम जागा होईपर्यंतचे काही क्षण राहायचेच. तेवढ्यात शिट्टी यायची.

"मध्ये एक स्विच टाक," मी म्हणालो. "कॉम्प्युटर पूर्ण चालू झाला की मॉनिटर जोडायचा."

"म्हणजे दर वेळी शेजारी इंजिनिअर उभा करायचा का?"

"मी आहे ना."

"तू काय अमर आहेस? कॉम्प्युटरमधून चित्र पाठवणारं जे कार्ड आहे, त्याच्या आतच बदल करतो. पहिल्या क्षणापासून हळू चालेल. शिट्टी येणार नाही."

"येणारच."

"नाही येणार."

हे भांडण आपलं कित्येक महिने चाललं. मला वाटतं त्या काळात मी सुखी होतो. माझी बायको, कुसुम, जाऊन वर्ष झालं होतं, आणि सकाळी उठून कोणाला तरी चूक ठरवायचं आहे, एवढं कारण मला उठायला पुरत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मुद्दाम मान्य करायला लागला असतास, आणि सगळी मजा गेली असती.

आता डब्याचं सांगतो. लोकांना कळलं पाहिजे म्हणून नीट सांगतो, तू मध्ये बोलू नकोस.

तो मॉनिटर अमेरिकन होता, एकशे दहा व्होल्टवर चालणारा. इथली वीज त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून कपाटाच्या तळाशी एक जड ट्रान्सफॉर्मर होता. तो सतत गुरगुरायचा आणि तू वैतागायचास. मी म्हणालो, "माझ्याकडे दुसरा आहे. घेऊन येतो." कुसुमच्या बहिणीने न्यू जर्सीहून चपात्या करायचं यंत्र पाठवलं होतं. ते इथल्या विजेवर चालावं म्हणून त्याच्याबरोबर एक डबा घेतला होता. कुसुमने त्या यंत्रावर दोनदा चपात्या केल्या, "पापड झाले," म्हणाली आणि यंत्र कपाटात गेलं. डबाही. त्यावर लिहिलं होतं, एकशे दहा. आकडा बरोबर होता.

पण दोन डबे एकाच आकड्याचे असले तरी एकसारखे नसतात. गेमच्या कपाटातला ट्रान्सफॉर्मर वीज कमी तर करायचाच, शिवाय घरच्या लाइनपासून मॉनिटर पूर्ण तोडून ठेवायचा. आत दोन वेगळी वेटोळी, त्यांच्यात एकही तार नाही. चपात्यांच्या यंत्राच्या डब्यात एकच वेटोळं. तो नुसता आकडा कमी करतो, तोडत काही नाही. चपात्यांना त्याने फरक पडत नाही. त्या मॉनिटरला पडतो, कारण त्याचं अंगच विजेला जोडलेलं असतं. मध्ये तोडणारा ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्याच्या बारीकशा वायरीवरसुद्धा घरची लाइन येऊन बसते.

हे मला माहीत होतं, दिनकर. हे मी हॉस्पिटलमध्ये प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. "वरचा आकडा वाचू नका, आत काय आहे ते बघा." माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. चार स्क्रू काढायचे होते. मी ते काढले नाहीत. कुसुमचा डबा होता, घरचा होता, म्हणून मी तो पाहुण्यासारखा आत घेतला.

मी तुझ्या किचनमध्ये चहा करत होतो. किटली उकळायच्या बेतात होती आणि अचानक तिचा आवाज थांबला. फ्रिजचाही. घरातली वीज गेली होती, म्हणजे कटआउटने आपलं काम केलं होतं. माझं मी केलं नव्हतं. मी गॅरेजमध्ये आलो तर तू लॉनमोअरच्या बाजूला पडलेला. एका हातात मॉनिटरची वायर होती आणि दुसरा हात कॉम्प्युटरच्या पत्र्यावर टेकला होतास, हे तू नंतर सांगितलंस. विजेने तुला फेकलं आणि पडताना खुबा मोडला.

मी ९९९ला फोन केला. फोन ठेवला आणि डब्याकडे पाहिलं. मला कळलं. आणि मला कळलंय हे तुला कळलं.

"तो डबा गाडीत ठेव," तू म्हणालास.

"दिनकर..."

"ठेव म्हटलं ना! आणि जुना जागेवर ठेव. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आत."

आणि मी ठेवला. तू जमिनीवर पडून कण्हत होतास आणि मी डबा कोटाखाली धरून तुझ्या ड्राइव्हवेवरून चालत माझ्या गाडीकडे गेलो. शेजारीण खिडकीत होती. मी तिला हातसुद्धा केला.

हॉस्पिटलच्या ए अँड ई मध्ये, तातडीच्या विभागात, प्रज्ञा मेडनहेडहून धावत आली. "बाबा, what happened?" तू म्हणालास, "विसरलो गं. डबा लावायचा विसरलो. यशवंतने दहादा बजावलं होतं."

दहादा बजावलं होतं! हे शेपूट कशाला जोडलंस? मला वाचवायचं होतं तर गप्प बसला असतास. तू मला वर आणखी शहाणा ठरवलंस. प्रज्ञाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "थँक्यू काका, तुम्ही होता म्हणून." मी तो हात सोडवून घेतला नाही. तुझ्यावरचा माझा राग तिथून सुरू होतो. तुला कोणी सांगितलं होतं रे? कोणी विचारलं होतं तुला?

नंतर मी विचारलं तुला, वॉर्डमध्ये. तू म्हणालास, "मी विसरलो म्हटलं तर काय होईल? म्हातारा झालो म्हणतील. झालोच आहे. तू चुकलास म्हटलं तर तुझ्यात उरतं काय, यशा? ना बायको, ना नोकरी. एवढं एकच तर आहे तुझ्याकडे, कोणाला कधी शॉक बसू दिला नाही म्हणून सांगायला."

मला वाटलं होतं तू हे हसत बोलशील. तू हसत नव्हतास. तेव्हापासून मी तुला हे माफ केलेलं नाही.

तू एकदा "विसरलो" म्हणालास आणि त्या शब्दाने तुला सोडलं नाही. प्रज्ञाला मागचं सगळं आठवायला लागलं. एकदा गॅस चालू राहिला होता, एकदा तिचा वाढदिवस चुकला होता. प्रत्येक गोष्ट त्या शब्दाला जाऊन चिकटली. तिने तुला मेमरी क्लिनिकला नेलं. तिथल्या बाईंनी पंतप्रधान कोण विचारलं तर तू म्हणालास, "आज सकाळची बातमी अजून पाहिली नाही." त्या हसल्या, प्रज्ञा हसली नाही. डॉक्टरांनी ठाम काहीच सांगितलं नव्हतं. प्रज्ञाला मात्र ठाम ऐकू आलं. "काका, he's not safe on his own," ती मला फोनवर म्हणाली. मी म्हणालो, "हं." एक अक्षर, दिनकर. त्या एका अक्षरावर तुझं घर गेलं. घर रिकामं झालं, भाड्याने गेलं. गॅरेजमधलं सामान टिपला, म्हणजे कचरा डेपोत, जाणार होतं, ते मी माझ्या घरी आणलं. लोक म्हणाले, केवढी मैत्री.

मी रेडिंगला गाडी बदलून मेडनहेडला, प्रज्ञाच्या घरी, तुला भेटायला यायचो. तू मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत बसलेला असायचास, मांडीवर ब्लँकेट, पुढ्यात लॅपटॉप. किटलीला हात लावायची बंदी, स्क्रूड्रायव्हरचं तर नाव घ्यायचीसुद्धा. मी म्हणायचो, "आज सांगतो तिला." तू म्हणायचास, "सांग, आणि परत इकडे येऊ नकोस. ती तुला दारात उभं करणार नाही. मग मी भांडू कोणाशी?" खरं सांग, हे माझ्यासाठी होतं की तुझ्यासाठी? मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या भित्रेपणाला तू कारण पुरवत होतास आणि मी ते दर वेळी घरी घेऊन जात होतो.

एकदा निघताना तू माझ्या हातात मेमरी स्टिक ठेवलीस. "हे कार्डात भर. आता पहिल्या क्षणापासून हळू. शिट्टी येणार नाही."

"येणारच."

"लावून तर बघ."

मी नाही लावलं. ती मी घरी ड्रॉवरमध्ये टाकली. त्या मॉनिटरला मला हातच लावता येत नव्हता. तो माझ्या गॅरेजमध्ये चादरीखाली होता आणि मी लॉनमोअर काढायलासुद्धा आत जात नव्हतो. दर रविवारी फोनवर तुझा पहिला प्रश्न, "लावलंस का?" आणि मी, "लावतो रे, कामात आहे." कसल्या कामात? शेवटच्या फोनवर तुला खोकल्यामुळे नीट बोलता येत नव्हतं. तरी तू तेवढंच विचारलंस. मी तेवढंच उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला आणि तू गेलास. माझ्याकडून एक साधं हो किंवा नाही न ऐकता गेलास.

पुण्यानुमोदनानंतर मी प्रज्ञाला फोन केला. भाडेकरूच्या कामासाठी ती बर्मिंगहॅमला येणार होती. दुपारी माझ्याकडे आली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही, सरळ गॅरेजमध्ये नेलं. टेबलावर दोन्ही डबे उघडून ठेवले होते. एकात दोन वेटोळी, एकात एक. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं त्याच क्रमाने.

तिने चपात्यांच्या यंत्राच्या डब्यावर बोट ठेवलं. "हा तुमचा?"

"माझा."

"आणि अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी तुम्ही हा गाडीत लपवला? बाबा जमिनीवर होते तेव्हा?"

"हो."

"काका, मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या घरातून बाहेर काढलं." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी त्यांचा किटली काढून घेतला. ते मला म्हणायचे, मी ठीक आहे, आणि मी त्यांना असं म्हणायची, स्लोली स्लोली, like you talk to a child. आणि तुम्ही सोफ्यावर बसून माझे बिस्किट खात होता."

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. मला वाटलं, जाईल. गाडी सुरू झाली नाही. बऱ्याच वेळाने परत आली, डोळे पुसलेले.

"ते स्टिक कुठे आहे?"

त्या दिवशी सकाळीच मी ती ड्रॉवरमधून काढून, साध्या स्क्रीनसमोर बसून, तिच्यातलं सगळं कार्डात भरलं होतं. मॉनिटर जोडायचा बाकी होता. मी जुना, गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर लावला. मीटर घेऊन तपासला, दोनदा तपासला, प्रज्ञासमोर. मग वायर जोडली. माझ्या कानांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तुला हे माहीत होतं आणि तू त्यावरूनही चिडवायचास. म्हणून तिला म्हणालो, "तू ऐक. शिट्टी आली की लगेच सांग, मी बंद करतो."

बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला. काच काळी होती, मग करडी झाली. मी प्रज्ञाकडे बघत होतो, ती काचेकडे बघत होती.

"येते का?"

"नाही."

"नीट ऐक."

"काका, नाही येत. चूप आहे."

चित्र आलं. लोळलं नाही, फाटलं नाही. पहिल्या क्षणापासून सरळ उभं राहिलं, हिरव्या रेघांची जाळी, एकही रेघ वाकडी नाही. आणि मध्यभागी, ठिपक्याठिपक्यांनी बनवलेली मोठी देवनागरी अक्षरं. प्रज्ञाने बोट लावून लहान मुलीसारखं वाचलं.

"काय... यशा... आली का... शिट्टी?"

ती खाली पालथ्या क्रेटवर बसली. "हे बाबांनी कधी केलं?"

"मेडनहेडला. तुझ्या कन्झर्व्हेटरीत."

"क्लिनिकच्या नंतर?"

"नंतर. मी इतके महिने सांगत होतो जमणार नाही म्हणून. मला जमलं नसतं ते. डोकं शाबूत असूनही जमलं नसतं." मग मी म्हणालो, "त्यांना काही झालं नव्हतं, प्रज्ञा. तुलाही काही झालेलं नाही. किल्ल्या फ्रिजमध्ये सगळेच ठेवतात."

जाताना तिने मला माफ केलं नाही, आणि करेल असं मला वाटत नाही. एवढंच म्हणाली, "सगळ्यांच्या समोर बाबांना विसरभोळा म्हटलं. मंडळाच्या मॅगझिनमध्ये लिहा. तुमचं नाव घालून. मराठीत. मी वाचणार, हळूहळू, पण वाचणार."

म्हणून हे लिहिलं, नाव घालून, यशवंत म्हणून. दिनकर काही विसरला नव्हता. दिनकर जाणूनबुजून खोटं बोलला आणि मी त्या खोट्यावर बसून बिस्किटं खाल्ली. ज्यांनी हॉलमध्ये हसून घेतलं, त्यांनी आता हे वाचावं.

मॉनिटर आता मेडनहेडला आहे, कन्झर्व्हेटरीत, तुझी खुर्ची होती तिथे. पोहोचवायला मीच गेलो होतो. प्रज्ञाने मला दारातच बजावलं, आत या, नुसतं जोडून द्या आणि जा म्हणाली. जोडला. ट्रान्सफॉर्मर उघडून आत पाहिला, मग जोडला. बटण दाबलं आणि तू पुन्हा तेच विचारलंस, तिच्या घरात, माझ्या तोंडावर, आणि आता दर वेळी विचारत राहशील.

नाही आली रे हरामखोरा. नाही आली.